पहिल्यांदा फिल्डला निघालेल्या पोरांसाठी (आणि सुट्टीवरून परत वर, उंचावरच्या पोस्टवर जाणाऱ्यांसाठी जरा जास्तच)

ट्रेनिंग सेंटरची कसम परेड झाली, पलटणीत येऊन जरा रुळलात, आणि आता पलटणीला फिल्डची, म्हणजे सीमेवर जायची मूव्ह ऑर्डर आली म्हणून ज्यांच्या पोटात गोळा आलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. भरतीचं, सोळाशे मीटरचं काही विचारू नका, त्याला आता गावोगावी अ‍ॅकॅडम्या झाल्यात. मी इन्फंट्रीत होतो, शिपाई ते हवालदार, त्यातला बराचसा काळ लडाखात गेला, मला तेवढंच माहीत.

पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या छावणीत, अर्धी पलटण गार्ड, फटीक (अंगमेहनतीची कामं), स्पोर्ट्स नाहीतर साहेब लोकांच्या व्हिजिटमध्ये अडकलेली असते. ऑर्डर आली की सगळं एकदम बदलतं. अ‍ॅडव्हान्स पार्टी आधी निघते, स्टोअरची मोजदाद सुरू, रोज रोडमार्च, रात्री नाइट नेव्हिगेशन, मग कोर बॅटल स्कूलला प्री-इंडक्शन ट्रेनिंग. फिटनेस टेस्टचं टेन्शन घेऊ नका, पाच किलोमीटर तुम्ही आत्ताही पळताय, तब्येत होते तयार. खरं लक्ष लागतं ते रायफलकडे.

कोतातून (हत्यारं ठेवायच्या खोलीतून) जी रायफल तुमच्या नावावर निघते तिचा नंबर झोपेतून उठवलं तरी सांगता आला पाहिजे. झिरोइंगला, म्हणजे साइट आपल्या नेमाला जुळवताना, पोरं घाई करतात, दोन गोळ्या डावीकडं गेल्या की लगेच साइट फिरवायला बघतात. अरे आधी ग्रुप तर बसू दे, म्हणजे गोळ्या एका जागी तर पडू दे, ग्रुपच भाकरीएवढा असेल तर साइट फिरवून काय होणार, आधी श्वास आणि ट्रिगर नीट करा. दुसऱ्याने झिरो केलेली रायफल तुमच्या डोळ्याला चालेलच असं नाही. आणि वर पोचल्यावर पुन्हा चेक करायची, कारण तिथं हवा विरळ, गोळी खालच्यापेक्षा थोडी वर लागते, चढावर किंवा उतारावर मारताना तर अजूनच.

रिहर्सलला कंटाळू नका. सँड मॉडेलवर (वाळूत बनवलेल्या इलाख्याच्या नकाशावर) साहेब तेच तेच सांगतात, तोच नाला, तीच टेकडी, असं वाटतं की झालं की पाठ. पण अंधारात, तोंडातून आवाज न काढता, आपल्या पुढं कोण मागं कोण हे अंगात भिनायला तेवढं लागतंच. काम सवयीचं नसलं की तर जास्तच. 1999 ला कारगिलच्या लढाईत काश्मीर खोऱ्यात दहशतवाद्यांमागं असलेल्या पलटणी तिकडून उचलून द्रासला आणल्या, काम एकदम वेगळं, उघड्या डोंगरावर वरून येणाऱ्या फायरखाली चढायचं. द्रासजवळच्या तोलोलिंग डोंगरावरचे पहिले हल्ले परतले, शेवटी 13 जूनला ते हातात आलं.

उस्तादांबद्दल (शिकवणाऱ्यांबद्दल) माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. जो जास्त शिव्या देतो तो जास्त शिकवतो असं काही नसतं. सेक्शनमधला एखादा गप्प बसणारा जुना नाईक शोधा, जो एलएमजी (हलकी मशीनगन) खोलून स्वतः पुसतो, आणि दुसरा एमआय रूमचा (पलटणीच्या दवाखान्याचा) नर्सिंग असिस्टंट. या दोघांशी दोस्ती ठेवा. मोबाईलवर बघून टॅक्टिक्स शिकलेल्यापासून मात्र लांब राहा.

आता मेन मुद्दा, अ‍ॅक्लीमटायझेशन, म्हणजे शरीराला उंचीची सवय करणं. पहिल्यांदा जाताना हे कोणी चुकवत नाही, कारण सगळी पलटण एकत्र असते आणि आरएमओ साहेब (पलटणीचे डॉक्टर) डोक्यावर उभे असतात. 9,000 ते 12,000 फुटांवर 6 दिवस, त्यातले पहिले दोन नुसता आराम, नंतर सपाटीवर चालणं, शेवटी थोडा चढ. मग 12,000 ते 15,000 ला 4 दिवस, त्याच्या वर गेलात की अजून 4. लेह साधारण साडेअकरा हजार फुटांवर आहे, म्हणजे पहिला टप्पा तिथंच. आपण रोज पळणारी माणसं, दोन दिवस बराकीत लोळायला लाज वाटते. वाटू दे. फिट माणसालाही हॅपो (उंचीमुळं फुप्फुसात पाणी भरणं) होतो, उलट फिट पोरगंच जास्त धावपळ करतं. 1962 च्या चीन युद्धात नामका चू नदीवर आपली माणसं सुती वर्दीत घाईघाईनं वर पाठवली होती, थंडी आणि उंचीनं किती हाल झाले ते जुनी लोकं सांगायची.

पण पोरं अडकतात ती दुसऱ्या वेळी, म्हणजे सुट्टीवरून परत येताना. नियम असा आहे की 10 दिवसांपेक्षा जास्त खाली राहिलात की परत अ‍ॅक्लीमटायझेशन करायचं, आणि 4 आठवड्यांच्या वर गेलात तर सगळं पहिल्यापासून. अग्निवीरांना वर्षाला 30 दिवस सुट्टी, आमच्यासारख्या रेग्युलर भरतीवाल्यांना 60, गावची जत्रा किंवा गणपती धरून आलात तरी 10 दिवस कधीच उलटून जातात. आणि प्रत्येकाला वाटतं की मी तर वर्षभर तिथंच होतो, मला सवय आहे. ती सवय खाली आल्यावर शरीर काही दिवसात सोडून देतं ओ, ते तुमचं सर्व्हिस रेकॉर्ड बघत नाही!

माझ्या बाबतीत काय झालं तर सुट्टी संपवून साताऱ्याहून निघालो, चंदीगडहून विमानानं लेहला उतरलो, तिथं डिटॅचमेंटवर (पलटणीच्या तिथल्या छोट्या तुकडीत) एकानं विचारलं वर किती दिवस झाले, म्हटलं वर्ष होत आलं. मग तू जुनाच की, पोस्टवर माणसं कमी आहेत, उद्याच्या गाडीत बस. बसलो, चांग ला खिंड ओलांडून वर गेलो. पहिली रात्र नुसतं डोकं दुखलं. दुसऱ्या रात्री कोरडा खोकला, आडवा झालो की जास्त, उठून बसलो की जरा बरं, बुटाची लेस बांधतानाच धाप लागायला लागली. बडीनं (माझ्या जोडीदारानं) टॉर्च मारून ओठ बघितले, निळे पडलेले. मला न विचारताच तो नर्सिंग असिस्टंटला घेऊन आला, त्यानं पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाला घरघर आहे, बोलू नको. ऑक्सिजन लावला आणि अंधारातच गाडीनं खाली. त्यानं सकाळपर्यंत वाट बघितली असती तर फेसाळ गुलाबी थुंकी सुरू झाली असती.

म्हणून सुट्टीवरून आलात की मूव्हमेंट ऑर्डरवरची तारीख स्वतः दाखवायची आणि सांगायचं, साहेब मी इतके दिवस खाली होतो. कोणी जुना म्हणून हसलं तर हसू दे. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी खिशात आहे म्हणून टप्पा गाळायचा हा शॉर्टकट तर डोक्यातून काढूनच टाका, ती डॉक्टरनं सांगितली तर घ्यायची, पण ती दिवस भरून काढत नाही. पहिले काही दिवस रम नको, सिगारेट नको, झोपेची गोळी तर अजिबात नको. आणि एलएमसी होईल (मेडिकल कॅटेगरी खाली जाईल), कॅडर (प्रमोशनचा कोर्स) हुकेल म्हणून खोकला लपवणारे मी बघितलेत. लपवू नका रे. वेळेत खाली आणलेला माणूस बहुतेक वेळा बरा होतो, मीही झालो, कॅडरही केलं. घाबरून जायचं कारण नाही, नीट दिवस पाळले तर बहुतेकांना डोकेदुखीपलीकडं काही होत नाही. 2020 च्या लडाखमधल्या चीनबरोबरच्या गडबडीत हजारो माणसं वर गेली आणि आख्खा हिवाळा तिथं काढला.

बाकी बारीकसारीक. फर्स्ट फील्ड ड्रेसिंग सगळ्या सेक्शननं एकाच खिशात ठेवायचं, कारण जखमीला त्याचंच ड्रेसिंग लावतात, आपलं आपल्याला लागेल. मोजे दोन जास्त घ्या, बूट नवीन असतील तर रोडमार्चलाच पायाला बसवून घ्या, वर जाऊन नाही.

आणि कागदपत्रं. नवीन लग्न झालेल्यांनी खास ऐका, लग्नाची पार्ट टू ऑर्डर (रेकॉर्डमधली नोंद) निघाली का, नॉमिनी अजून वडीलच आहेत का, विलचा (मृत्युपत्राचा) फॉर्म भरलाय का, बँकेत बायकोचं नाव जोडलंय का. घरी हे बोलायला अवघड जातं, आई तर विषयच काढू देत नाही, पण निघायच्या आधी क्लर्ककडं स्वतः जाऊन बसा, प्रत्येक कागद वाचा आणि मगच सही करा, तो म्हणेल नंतर करू तरी उठू नका.