इळा असो की सुरी: लोहाराकडून घडवून घ्यावी की तयार विकत घ्यावी?

आठवडी बाजारात कारखान्यातल्या चकचकीत सुऱ्या आणि लोहाराने घडवलेले काळपट इळे शेजारीशेजारी मांडलेले असतात. बहुतेक जण भाव विचारतात आणि स्वस्त असेल ते उचलतात. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी लोखंड बघा, मग त्याला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून एकदम बुडवून आणलेला कडकपणा, बघा आणि भावाचं शेवटी बोला.

आधी काम ठरवा. भाजी, फळं, लिंबू चिरायला कारखान्यातली स्टेनलेसची सुरी घ्या. तिच्यात किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं, म्हणून ती सहजासहजी गंजत नाही. साध्या पोलादाचं पातं लिंबू-चिंचेने काळं पडतं. गोंदिया-भंडाऱ्याकडे धान कापायला, किंवा गवताला, दातेरी इळा तयारच घ्यावा. त्याला वरचेवर धार लावावी लागत नाही. पण सोयाबीनची सोंगणी, तूर तोडणं, बांबू चिरणं या कामांना लोहाराचंच हत्यार घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

लोखंड स्वतः न्या. बांधकामाच्या सळईत कार्बन जेमतेम पाव टक्का असतो. तिचा इळा दिसायला छान होतो, पण धार टिकत नाही. ट्रक किंवा जीपच्या कमानपाट्यात, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीत, कार्बन साधारण अर्धा ते 0.6 टक्का असतो. इळ्या-कोयत्याला तोच उत्तम. भंगारवाल्याकडे कमानपाट्याचा तुकडा सहज मिळतो, फक्त त्याला बारीक तडा गेलेला नाही ना, हे उन्हात नीट बघून घ्या. जुन्या कानशीचं पोलाद याहून कडक असतं. त्याची लहान सुरी सुरेख होते, पण लांब पातं दणक्याने तुटू शकतं.

पाणी देताना भट्टीजवळ थांबा. हत्याराचा जीव इथे ठरतो, म्हणून इथे घाई करू देऊ नका. पातं लालभडक तापवतात. साधारण 770 अंश सेल्सियसला लोहचुंबक लोखंडाला चिकटेनासा होतो. त्याच्या थोडं वर गेलं की पातं बुडवायचं. कमानपाट्याला शक्यतो तेलात बुडवायला सांगा, पाण्यात तडा जाण्याची भीती असते. नुसतं बुडवलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून ते घासून उजळ करतात आणि कण्याकडून, म्हणजे धारेच्या उलट्या जाड बाजूने, पुन्हा हलकं तापवतात. तेव्हा त्या उजळ भागावर रंग सरकताना दिसतो: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. इळ्याच्या धारेवर तपकिरी-जांभळा रंग आला की तिथेच थांबवायचं. निळ्याच्या पुढे गेलं तर धार मऊ पडते.

थंड झाल्यावर धारेवर कानस हलकेच ओढून बघा. ती घसरत, जेमतेम पकडत गेली तर काम जमलं. लोण्यात गेल्यासारखी रुतली तर, "भाऊ, पाणी नाई बसलं, पुन्हा द्या," असं स्पष्ट सांगा. चांगला लोहार यावर रागावत नाही.

ज्याच्या हातात जाणार, त्याला सोबत न्या. सोंगणी बहुतेक बायाच करतात आणि इळा मात्र घरातला पुरुष त्याच्या मुठीच्या मापाने आणतो. हे मला खटकतं. दिवसभर वाकून कापणाऱ्या बाईला मूठ जाड झाली तर मनगट दुखतं. तिच्या मापाची मूठ, तिला पेलेल तेवढं वजन आणि डावखुरी असेल तर उलट्या बाजूची धार, हे लोहार करून देतो. एकाच साच्यातून निघणाऱ्या मालात ते जमत नाही. मुठीला वाळलेली बाभूळ चांगली.

तयार सुरी घेताना पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलंय का आणि रिव्हेट घट्ट आहेत का, ते बघा. डोळ्यासमोर सरळ धरून बाक तपासा. मग उजेडात धारेकडे बघा: जिथे चमकणारा ठिपका दिसेल तिथे धार नाही.

धार हाताने, ओल्या दगडावर लावा. विजेच्या ग्राइंडरवर टोक निळं पडलं की तेवढ्या जागेचं पाणी उतरलंच समजा. लोहाराच्या हत्याराला काम झाल्यावर पुसून तेलाचा हात फिरवा, मुठीला जवसाचं तेल लावा.

एक कायद्याचं: 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं शस्त्र नियमांखाली येऊ शकतं. घरकामाच्या आणि शेतीच्या हत्यारांना त्यातून सूट आहे, तरी कोयता घेऊन बाजारात उगाच फिरू नका.

सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे सोंगणीला येतं आणि तेव्हा लोहाराकडे श्वास घ्यायला सवड नसते. इळा पोळ्याच्या आधी सांगून ठेवा, म्हणजे भट्टीजवळ उभं राहून तो नीट करून घेता येईल.