रोबोटिक्सचा पहिला कोर्स घेताय? आधी फ्रेम काढायला शिका

पहिल्या रोबोटिक्स कोर्सचे बहुतेक ठिकाणी दोन तुकडे असतात, आधी मॅनिप्युलेटर म्हणजे रोबोटचा हात, आणि मग मोबाईल रोबोट म्हणजे चाकांवर फिरणारा गडी. सिलॅबस बघून वाटतं की दोन वेगळे विषय एकात कोंबलेत. पण दोन्हीकडे प्रश्न एकच असतो, वस्तू कुठे आहे, तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे, आणि हे सगळं कुणाच्या फ्रेममध्ये (म्हणजे कुणाला चिकटलेल्या अक्षांवरून) मोजलंय. हा शेवटचा "कुणाच्या" विसरला की मार्क गेलेच समजा, म्हणून कुठलाही आकडा लिहिताना शेजारी फ्रेमचं नाव लिहायची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या.

गणित किती लागतं? मॅट्रिक्सचा गुणाकार, त्रिकोणमिती, आंशिक डेरिव्हेटिव्ह, आणि दुसऱ्या भागासाठी थोडी प्रॉबॅबिलिटी. बस. रोटेशन मॅट्रिक्सचे दोन गुण मात्र पाठच करा, तिचा ट्रान्सपोज हाच तिचा इन्व्हर्स आणि डिटरमिनंट +१. कोडमध्ये मॅट्रिक्स बनवली की लगेच हे दोन्ही तपासून बघा, अर्ध्या चुका तिथंच सापडतात. मग रोटेशन आणि सरकणं एकत्र धरणारी ४×४ मॅट्रिक्स येते. इथं क्रम बदलला की उत्तर बदलतं, पटत नसेल तर टेबलावर एखादं पुस्तक ठेवून ते आधी आडव्या अक्षाभोवती ९० अंश आणि मग उभ्या अक्षाभोवती ९० अंश फिरवा, नंतर तेच उलट्या क्रमाने करा, पुस्तक वेगळ्याच स्थितीत येईल. कोडमध्ये व्हेरिएबलला "बेस_कॅमेरा", "कॅमेरा_वस्तू" अशी नावं द्या, म्हणजे गुणाकार करताना मधलं "कॅमेरा" शेजारी शेजारी आलं की जोडणी बरोबर, नाही आलं तर कुठेतरी इन्व्हर्स राहिलाय.

ऑयलर अँगल्स म्हणजे वस्तूची दिशा एकामागून एक तीन फिरण्यांत सांगणं, ते शिकवताना सर १२ क्रम दाखवतील, सगळे पाठ करत बसू नका. दिलेला क्रम कुठला आणि अक्ष स्थिर आहेत की वस्तूबरोबर फिरतायत एवढं विचारा. मधला कोन ठरावीक जागी आला (रोल-पिच-यॉमध्ये पिच ९० अंश) की एक डिग्री ऑफ फ्रीडम (स्वतंत्रपणे फिरायची एक सोय) हरवते, त्यालाच गिंबल लॉक म्हणतात, आणि म्हणून सॉफ्टवेअरमध्ये क्वाटर्नियन, म्हणजे चार आकड्यांत लिहिलेली दिशा, वापरतात. त्यात चारही आकड्यांची चिन्हं उलटी केली तरी दिशा तीच राहते, तेव्हा तुमचं उत्तर मित्राच्या बरोब्बर उलट्या चिन्हांचं आलं तर घाबरू नका.

आता डीएच पॅरामीटर, म्हणजे हाताच्या लिंक (जॉइंटमधले कडक दांडे) एकमेकींना कशा जोडल्यात ते सांगणारे आकडे. डेनाविट आणि हार्टेनबर्ग यांनी १९५५ साली ही पद्धत मांडली, एका लिंकपासून पुढच्या लिंककडे जायला सहाऐवजी चारच आकडे पुरतात ही त्यातली गंमत. गोंधळ असा की स्टँडर्ड आणि मॉडिफाइड अशा दोन पद्धती चालतात, आणि नेटवरून टेबल एकाचं आणि फॉर्म्युला दुसऱ्याचा उचलला की उत्तर दिसायला एकदम व्यवस्थित येतं पण चूक असतं. आधी अक्ष काढा, फ्रेम बसवा, टेबल सगळ्यात शेवटी. टेबल झालं की सगळे जॉइंट शून्यावर ठेवून हात चित्रातल्यासारखा उभा राहतो का ते बघा.

पण डीएचच्याही आधी मी म्हणेन की दोन लिंकचा सपाट हात कागदावर पूर्ण सोडवा, कारण कोर्सचा अर्धा जीव त्यातच आहे. समजा लिंक ३० सेमी आणि २० सेमी, पहिला कोन ३० अंश, दुसरा (पहिल्या लिंकपासून मोजलेला) ६०. दुसरी लिंक जमिनीशी ९० अंशात येते, म्हणजे टोक आडवं सुमारे २५.९८ सेमीवर आणि उभं ३५ सेमीवर. हे झालं फॉरवर्ड. आता उलटं, टोक माहितीये, कोन काढा. दोन्ही अंतरांच्या वर्गांची बेरीज १९००, त्यातून लिंकच्या वर्गांची बेरीज १३०० वजा, उरले ६००, भागिले दोन्ही लिंकच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजे १२००, उत्तर ०.५. हा दुसऱ्या कोनाचा कोसाइन. म्हणजे ६० अंश? हो, आणि उणे ६० पण! उणे ६० घेतलं तर पहिला कोन सुमारे ७६.८ येतो, कोपर दुसऱ्या बाजूला जातं पण टोक त्याच जागी. इन्व्हर्स कायनेमॅटिक्समध्ये एकापेक्षा जास्त उत्तरं असतात हे वाक्य सगळे लिहितात, पण स्वतः आकडे काढल्याशिवाय ते अंगात मुरत नाही. टोक ५० सेमीच्या पलीकडे किंवा १० सेमीच्या आत मागितलं तर कोसाइन १ ते उणे १ च्या बाहेर जातो, कोडमध्ये ही तपासणी टाकाच. आणि पहिला कोन काढताना साधा टॅन-इन्व्हर्स नको, एटॅन-टू वापरा, नाहीतर कोन चारपैकी कुठल्या चरणात आहे ते कळत नाही.

जेकोबियनपाशी बरेच जण गळपटतात. ती फक्त एवढं सांगते की जॉइंट इतक्या वेगाने फिरले तर टोक किती वेगाने सरकेल. वरच्या हातासाठी तिचा डिटरमिनंट म्हणजे दोन्ही लिंकची लांबी गुणिले दुसऱ्या कोनाचा साइन. हात सरळ ताणला की साइन शून्य, म्हणजे सिंग्युलॅरिटी, टोक त्या रेषेत लगेच सरकू शकत नाही आणि त्याच्या जवळपास कोडमध्ये जॉइंटचे वेग भलतेच मोठे होतात. तिचाच ट्रान्सपोज टोकावरच्या बलाला जॉइंटच्या टॉर्कमध्ये बदलतो, परीक्षेत हमखास येतं हे. ट्रॅजेक्टरीचा, म्हणजे कुठल्या क्षणी कुठे असायचं याचा चॅप्टर सोपाय, सुरुवात-शेवटची जागा आणि वेग अशा चार अटी म्हणून क्युबिक म्हणजे तिसऱ्या घाताची बहुपदी, ॲक्सिलरेशनही धरलं तर सहा अटी म्हणून पाचव्या घाताची.

आता चाकं. हाताचा सगळ्यात मोठा आराम हा की जॉइंटचे एन्कोडर (किती फिरलं ते मोजणारे सेन्सर) वाचले की टोक कुठंय ते कळतं, आधी कुठून कसा आला याला महत्त्व नाही. चाकांचं तसं नसतं. दोन्ही चाकं एकूण तेवढीच फिरवली पण क्रम बदलला, तर रोबोट वेगळ्या जागी पोचतो, आणि तो सरळ बाजूला सरकूही शकत नाही, नॉनहोलोनॉमिक म्हणतात ते हेच. डिफरन्शियल ड्राइव्हचं, म्हणजे डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरवून वळणाऱ्या रोबोटचं एक उदाहरण करून ठेवा, चाकाची त्रिज्या ५ सेमी, चाकांत अंतर ३० सेमी, उजवं १० रेडियन प्रति सेकंद, डावं ८. पुढचा वेग ०.४५ मीटर प्रति सेकंद, वळण्याचा वेग ०.३३ रेडियन प्रति सेकंद, म्हणजे सुमारे १.३५ मीटर त्रिज्येचं डावं वळण.

एन्कोडरवरून जागा मोजत जाणं म्हणजे ओडोमेट्री, डोळे मिटून पावलं मोजत चालण्यासारखं, चूक साठतच जाते. त्यातही दिशेची चूक वाईट, १ अंश चुकला तर १० मीटरवर जवळपास १७ सेमी बाजूला. लॅबमध्ये खरा रोबोट मिळाला तर त्याला चौकोनात फिरवून बघा, पण घड्याळाच्या दिशेने आणि उलट असं दोन्हीकडून. चाकांतलं अंतर चुकीचं मोजलेलं असेल आणि चाकं किंचित लहानमोठी असतील, तर एका दिशेत या दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि रोबोट एकदम शहाणा वाटतो, उलट फिरवला की पितळ उघडं पडतं.

मग येतो काल्मन फिल्टर (१९६०), म्हणजे आपला अंदाज आणि सेन्सरचं माप यांची भरवशानुसार सरमिसळ, आणि वर्गात शांतता पसरते. थेट मॅट्रिक्सवाला करू नका. एकाच रेषेवरचा रोबोट घ्या, अंदाजाचा व्हेरियन्स ४, सेन्सरचा १, तर गेन ४ भागिले ५ म्हणजे ०.८, म्हणजे सेन्सरवर जास्त भरवसा, आणि नवा व्हेरियन्स ०.८, दोन्हींपेक्षा कमी. असं कागदावर करा, मग एक्सटेंडेड काल्मन आणि स्लॅम (नकाशा बनवता बनवता त्यातच स्वतःची जागा शोधणं) वाचा, तिथं पुन्हा जेकोबियनच भेटते. पाथ प्लॅनिंगला डायक्स्ट्रा आणि ए-स्टार हे सगळ्यात छोटा रस्ता शोधणारे अल्गोरिदम स्वतः ग्रिडवर लिहा, ए-स्टार तर १९६८ साली शेकी नावाच्या मोबाईल रोबोटच्याच कामातून आलेलं आहे.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत थोडं कडक आहे. रॉस (रोबोटचे प्रोग्राम जोडणारं सॉफ्टवेअर) आणि गझिबो (सिम्युलेटर) इन्स्टॉल करण्यात आठवडे घालवू नका, आधी साध्या पायथनमध्ये नमपाय ही मॅट्रिक्सची लायब्ररी घेऊन फॉरवर्ड, इन्व्हर्स आणि ओडोमेट्री स्वतः लिहा, ग्राफ काढून बघा. नंतर रॉस घ्यायचंच असेल तर रॉस २ घ्या, रॉस १ च्या शेवटच्या नोएटिक आवृत्तीचा सपोर्ट मे २०२५ मध्येच संपलाय, जुने ट्युटोरियल बघून तिकडे गेलात तर फुकट अडकाल. तिथं टीएफ नावाचा भाग फ्रेम सांभाळतो, आणि प्रोजेक्टमध्ये रोबोट भिंतीत घुसला की सगळ्यात आधी फ्रेमचं झाड उघडून बघा, लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) उलटा बसवलाय आणि फ्रेम सुलटीच ठेवलीय असले प्रकार कंट्रोलरच्या चुकांपेक्षा जास्त निघतात.