बॉइंक चालवताना प्रोसेसरचा भार आणि उष्णता आटोक्यात कशी ठेवावी

आपला संगणक रिकामा असताना त्याची गणनशक्ती वैज्ञानिक प्रकल्पांना देऊ करणाऱ्या मंडळींना बॉइंक ही प्रणाली परिचित आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे तिची जडणघडण झाली. परग्रहावरील संकेतांचा शोध घेणारा सेटी अ‍ॅट होम हा १९९९ साली सुरू झालेला तिचा सर्वांत गाजलेला प्रकल्प २०२० च्या मार्चअखेरीस नवे काम वाटणे थांबवून बसला. मात्र आइन्स्टाइन अ‍ॅट होम, रोझेटा अ‍ॅट होम, वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड असे अन्य प्रकल्प तिच्यावर चालत आले आहेत. आइन्स्टाइन अ‍ॅट होम गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ज्या लायगो वेधशाळांच्या नोंदी चाळतो, त्यांचेच भावंड आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभे राहणार आहे.

बॉइंकची कामे सर्वांत खालच्या प्राधान्याने चालतात. त्यामुळे आपण काही लिहीत किंवा पाहत असताना संगणक मंदावल्यासारखा वाटत नाही आणि सगळे आलबेल आहे असा समज होतो. प्रत्यक्षात प्राधान्य कमी असले तरी प्रोसेसर शंभर टक्के राबतच असतो. उष्णता प्राधान्यावर ठरत नाही, कामावर ठरते. म्हणून मर्यादा आपणच घालावी लागते.

सर्वप्रथम तापमान मोजावे. विंडोजचा टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर दाखवतो, पण त्याचे तापमान जाणून घेण्यासाठी कोअर टेम्पसारखे छोटे साधन घ्यावे लागते. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स बसवून ‘सेन्सर्स’ ही आज्ञा दिली की पुरते. बॉइंक थांबवलेले असतानाचा आकडा लिहून ठेवावा, मग ते पूर्ण भाराने वीस मिनिटे चालू द्यावे आणि पुन्हा पाहावे. अनेक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचल्यावर स्वतःच वेग उतरवतात, त्यामुळे ते सहसा जळत नाहीत; पण दिवसरात्र त्या काठावर राबवलेल्या लॅपटॉपचा पंखा आणि बॅटरी यांचे आयुष्य घटते. लॅपटॉपसाठी ७५ ते ८० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये, असे माझे मत आहे. खोलीचे तापमान यात जवळजवळ जसेच्या तसे मिळवले जाते. अकोला, नागपूर किंवा चंद्रपूर येथे मे महिन्यात दुपारी केलेली मोजणी जानेवारीतल्या मोजणीशी जुळणार नाही, म्हणून मर्यादा उन्हाळा गृहीत धरूनच ठरवावी.

आता मुख्य काम. बॉइंक मॅनेजरमध्ये ‘ऑप्शन्स’ या यादीतून ‘कम्प्युटिंग प्रेफरन्सेस’ उघडावे. तेथे दोन टक्केवाऱ्या शेजारीशेजारी असतात आणि बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. पहिली सांगते की एकूण सीपीयूंपैकी, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच वेळी काम करू शकणाऱ्या भागांपैकी, किती टक्के वापरायचे. दुसरी सांगते की सीपीयूचा किती टक्के वेळ वापरायचा. नव्या आवृत्त्यांत संगणक वापरात असताना आणि नसताना अशा दोन वेगळ्या मर्यादा घालता येतात.

आधी पहिली टक्केवारी कमी करावी. चार कोअर (प्रत्यक्ष गणन करणारे भाग) आणि आठ थ्रेड (त्यांवर एकाच वेळी चालू शकणारे कामाचे प्रवाह) असलेल्या प्रोसेसरला बॉइंक आठ सीपीयू समजते, त्यामुळे ५० टक्के लिहिल्यास एका वेळी चार कामे चालतात आणि कार्यप्रणाली ती बहुधा चार वेगवेगळ्या कोअरवर वाटते. एका कोअरवरचे दोन थ्रेड मिळून दुप्पट काम उरकत नाहीत, म्हणून कामाचे नुकसान निम्म्याहून कमी होते. तापमानही एका पातळीवर स्थिर राहते.

वेळेची टक्केवारी मात्र शेवटचा उपाय म्हणून ठेवावी. तेथे ७५ लिहिले की बॉइंक तीन सेकंद काम करते, एक सेकंद थांबते आणि हेच चक्र चालू ठेवते. सरासरी उष्णता घटते हे खरे, पण चालू असलेल्या सेकंदांत प्रोसेसर पूर्ण वेगानेच धावतो. तापमानाचा आकडा वरखाली नाचतो आणि लॅपटॉपचा पंखा त्याच्यामागे फिरत राहतो. रात्री शांत खोलीत तो आवाज चांगलाच छळतो.

त्याहून सरस मार्ग बॉइंकच्या बाहेर आहे. प्रोसेसरचा वीजवापर वारंवारतेच्या, म्हणजे त्याच्या ठोक्यांच्या वेगाच्या, प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारंवारता थोडी उतरवली की व्होल्टेजही उतरते, त्यामुळे वेग थोडाच घटतो पण उष्णता बरीच कमी होते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधील प्रगत मांडणीत ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’ खाली ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ टक्के केल्यास अनेक संगणकांवर टर्बो वेग, म्हणजे मूळ वेगाच्याही वर जाणारा वेग, बंद होतो. एवढ्या एका टक्क्याने पडणारा फरक पाहून नवल वाटते. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही, आणि आपल्या स्वतःच्या कामासाठीही टर्बो मिळत नाही, हे ध्यानात असावे.

ग्राफिक्स कार्ड ही स्वतंत्र शेगडी आहे. सीपीयूंची संख्या कमी केल्याने ते थंड होत नाही. ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ यादीतून त्याचे काम थांबवता येते, किंवा प्रकल्पाच्या खात्यात जाऊन ग्राफिक्स कार्डाचा वापरच नाकारता येतो.

यानंतर वेळापत्रक ठरवावे. ‘डेली शेड्यूल्स’मध्ये रात्री अकरा ते सकाळी सहा असे तास घातले की दुपारचा उकाडा टळतो. लॅपटॉप बॅटरीवर असताना काम थांबवण्याचा पर्याय अवश्य निवडावा. परंतु घरच्या इन्व्हर्टरवर चालणाऱ्या डेस्कटॉपला वीज गेल्याचे कळतच नाही, त्यामुळे भारनियमनाच्या वेळा माहीत असतील तर त्या वेळापत्रकातूनच वगळाव्यात. तास कमी केले की प्रकल्पाकडून आगाऊ घेऊन साठवायच्या कामाचे दिवसही कमी करावेत, नाहीतर कामे मुदतीत पूर्ण होत नाहीत आणि जाळलेली वीज वाया जाते.

बॉइंक मॅनेजरमध्ये जपून ठेवलेली मूल्ये त्या संगणकापुरती लागू होतात आणि संकेतस्थळावरील खात्यात भरलेल्या मूल्यांवर मात करतात. खात्यात बदल करूनही संगणक तसाच तापत असेल, तर कारण बहुधा हेच असते.

अँड्रॉइड फोनवर बॉइंक चालवणाऱ्यांसाठी बॅटरीच्या तापमानाची वेगळी मर्यादा असते आणि ती मुळात ४० अंशांवर ठेवलेली असते. ती वाढवू नये. फोन चार्जिंगला लावताना जाड कव्हर काढावे आणि तो गादीवर किंवा उशीखाली ठेवू नये.