स्ट्रॉबेरी-पनीर टोस्ट ओला पडत होता, शेवटी असा जमला

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली की घरी हा टोस्ट होतोच, पण दोन घासांत खालच्या ब्रेडचा लगदा. जाड ब्रेड घेतला, बटर जास्त लावलं, फरक शून्य, वैताग नुसता.

पाणी फळातून येतं तसं पनीरमधूनही येतं. म्हणून आता अर्धा लिटर दूध लिंबाने फाडून फडक्यात अर्धा तास टांगते, मग काट्याने मऊ करते. तोवर स्ट्रॉबेरी कापून चमचाभर साखर लावून 10 मिनिटं चाळणीत, खाली वाटी (तो रस पिऊन टाका). ब्रेड मंद तव्यावर दोन्हीकडून कडक करून जाळीवर गार करायचा, ताटात ठेवला की वाफेने खालून परत मऊ पडतो, माझं इथेच चुकत होतं. मग पनीर, वर फळ, चिमूटभर मिरपूड, आणि लगेच खायचा.