पोळलेली जखम तीन दिवस खोल जात असते: गणपतीआधीची तयारी

एरवी चार माणसांचं रांधणाऱ्या चुलीवर गणपतीत चाळीस माणसांचं शिजतं. त्यामुळे कुणीतरी पोळणार हे धरूनच तयारी करा. गॅसची नळी तपासणं, कढईचा कान भिंतीकडे वळवणं, पोरांना चुलीपासून लांब ठेवणं हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सांगत बसत नाही. पहिली वस्तू म्हणजे चालू घड्याळ आणि त्याच्याशेजारी खिळ्याला दोरीने बांधलेलं मार्कर पेन. मागच्या वेळी पाणी होतं, गॉज होतं, गाडी होती, राहिली ती नेमकी वेळ. कितीला पोळलं हे कुणीच लिहून ठेवलं नाही, आणि दवाखान्यात "साधारण दुपारी" एवढंच सांगता आलं. या वेळी ते चालणार नाही.

वेळ एवढी महत्त्वाची का? आगीपासून हात मागे घेतला की पोळणं संपलं, असं होत नाही. डी. एम. जॅक्सन या शल्यविशारदांनी १९५३ साली पोळलेल्या जखमेचे तीन भाग मांडले आणि आजही तीच मांडणी शिकवतात. गाभ्याचा भाग मेलेला असतो, तो परत येत नाही. कडेचा भाग नुसता लाल झालेला असतो, तो आपोआप बरा होतो. या दोहोंच्या मधला पट्टा जिवंत असतो, पण त्यातला रक्तपुरवठा मंदावलेला, बारीक रक्तवाहिन्या गुठळ्यांनी तुंबत चाललेल्या. तो वाचेल की मरेल हे पुढच्या ४८ ते ७२ तासांत ठरतं. मेला तर सोमवारी वरवरची वाटलेली जखम गुरुवारी खोल निघते, आणि दोन आठवड्यांत भरली असती तिथे कातडी लावायची पाळी येते. खालची सगळी तयारी या मधल्या पट्ट्यासाठी आहे.

आता पाणी. पोळलेल्या जागेवर वाहतं गार पाणी सलग वीस मिनिटं. दोन मिनिटं नव्हे, "आता बरं वाटतंय" म्हणेपर्यंतही नव्हे, घड्याळ लावून वीस. लगेच जमलं नाही तर तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. तीन तास कधी संपतात ते कळायला वेळ लिहिलेली लागते. भाद्रपदात पावसाने वीज गेली की पंप बंद, टाकी रिकामी, नळ कोरडा. तांब्याने मिनिटाला तीन लिटर ओतायचं म्हटलं तर वीस मिनिटांना साठ लिटर लागतं, म्हणजे पंधरा लिटरच्या चार बादल्या. त्या मागच्या पडवीत झाकून वेगळ्या ठेवा, आणि भांडी घासायला कुणी हात लावणार नाही हे घरात बजावून ठेवा. विहिरीचं स्वच्छ पाणी उत्तम. बर्फ नको: त्याने रक्तवाहिन्या आवळतात, आणि ज्या पट्ट्याला रक्त हवंय त्याचंच रक्त तुटतं. तान्हं बाळ असेल किंवा अंगाचा मोठा भाग पोळला असेल तर पाणी फक्त पोळलेल्या जागेवर, बाकीचं अंग चादरीत गुंडाळलेलं. कापरं भरलं की पाणी थांबवा. अंग गारठलं तरी जखम खोल जाते.

पाणी ओततानाच कपडे आणि दागिने काढायचे. पेज सांडली असेल तर तिची खळ कातडीला चिकटून बसते आणि उष्णता धरून ठेवते, ती पाण्याने धुऊन काढा; भिजलेला कपडा ताबडतोब उतरवा. वितळून कातडीला चिकटलेला टेरिलीनचा कपडा मात्र ओढू नका, भोवतीने कापा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पोराचा करगोटा हे सगळं सूज यायच्या आत निघालं पाहिजे. बोट सुजलं की अंगठी दोरीसारखी आवळते आणि बोटाचा पुढचा भाग रक्ताविना मरायला लागतो. कात्री आणि साबण बादल्यांजवळच ठेवा. आणि त्याच क्षणी दुसऱ्या कुणीतरी वेळ लिहायची. पाणी ओतणाऱ्याला ते जमत नाही, म्हणून हे काम आधीच एकाला नेमून द्या. कागद हरवतो, माणसाच्या न पोळलेल्या हातावर लिहा, "११.४०, तेल".

काय सांडलं तेही लिहायला सांगतो, कारण पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, पण वडे तळायचं तेल १७०-१८० अंशांवर असतं आणि अंगाला चिकटून राहतं. दिसायला सारखीच लाल जागा, पण तेलाची असेल तर खोल निघण्याची शक्यता जास्त. मोदकपात्राची वाफही कमी समजू नका. झाकण आपल्यापासून लांबच्या बाजूने उचलायचं. भिंतींना चुना लावताना चुनकळी अंगावर पडली तर आधी कोरडी झटका, मग भरपूर पाणी. भिजलेला चुना तासन् तास आत खात जातो, तिथे वीस मिनिटं पुरत नाहीत. डोळ्यात गेला तर डोळा धुतच राहा आणि धुता धुता गाडी बोलवा.

लावायचं काय? पाण्यानंतर काहीही नाही. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, खोबरेल, भिरंडेल (कोकमाचं तेल), कशालाही हात लावू नका. भिरंडेल टाचांच्या भेगांना गुणकारी असेल, ताज्या पोळलेल्या जागेवर ते उष्णता कोंडतं, आणि डॉक्टरांना जखम पाहण्याआधी ते खरवडून काढावं लागतं. त्या खरवडण्यात मधला पट्टा दुखावतो. घरात पडून असलेलं चांदीचं पांढरं मलमही डॉक्टरांनी पाहण्याआधी नको, त्याच्या थराखाली खोली कळेनाशी होते. फोड फोडू नका. जखम झाकायला पॅराफिन गॉजची (न चिकटणाऱ्या मेणचट जाळीची) पाकिटं, साधं निर्जंतुक गॉज आणि क्रेप बँडेज आणून ठेवा, कापूस थेट जखमेवर नको. क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ पारदर्शक प्लास्टिक) असेल तर पहिला वेढा टाकून द्या आणि पुढची पट्टी जखमेवर नुसती ठेवा, गुंडाळू नका. तीही नसेल तर धुतलेला, कडक वाळवलेला पंचा चालतो. "वारा लागू दे, सुकेल" हे ऐकू नका. उघडी राहून सुकलेली जखम खोल जाते. जखम ओलसर राहिली पाहिजे, पण ओलं फडकं गुंडाळून घाटाचा रस्ता धरायचा नाही, माणूस गारठतो.

किती पोळलं ते मोजायला पोळलेल्या माणसाचाच तळवा बोटांसकट घ्या. तेवढा भाग म्हणजे साधारण एक टक्का. नुसती लाल झालेली जागा यात धरू नका. मोठ्या माणसाचे पंधरा टक्के, मुलाचे दहा टक्के भरले तर सलाईन लागतंच, १०८ लावा. तोंड, हात, पाय, जांघ, सांधा, हाताभोवती गोल पोळलेली जागा, वीज, रसायन, धूर छातीत गेलेला, यांतलं काही असेल तर टक्के मोजत बसू नका, निघा. वाटेवरच्या आरोग्य केंद्रात सलाईन सुरू करून पुढे जायचं की थेट रत्नागिरी किंवा ओरोसच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, हे गणपतीच्या आधीच फोन करून विचारून ठेवा.

आणि इथे पुन्हा वेळ. पहिल्या चोवीस तासांच्या सलाईनचा ढोबळ हिशेब असा: चार मिली गुणिले वजन गुणिले टक्के. साठ किलोचा माणूस वीस टक्के पोळला तर ४८०० मिली, त्यातलं निम्मं, २४००, पहिल्या आठ तासांत. हे आठ तास दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे, पोळल्यापासून मोजतात. वाटेत तीन तास गेले असतील तर २४०० मिली पाच तासांत द्यायचं. पोळल्याची वेळ माहीत नसेल तर हा हिशेब चुकतो: कमी पडलं तर रक्तपुरवठा आटून मधला पट्टा मरतो, जास्त झालं तर सूज वाढून तोच पट्टा दाबला जातो. म्हणून वेळ लिहा. हातावर लिहा.

धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा. मधुमेह असेल तर साखर तपासा.

घरी राहण्याइतकी लहान जखम असेल तर पहिले तीन दिवस खरे कामाचे. पोळलेला हात उशीवर, छातीपेक्षा उंच. सूज उतरली की रक्त पोचतं. बोटं हलवत ठेवा. विडी बंद, आणि मशेरीही बंद, ती लहान गोष्ट नाही: तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात आणि घरातल्या आजीला ते कुणी सांगत नाही. पाणी, पेज, सरबत भरपूर. अंडी-मासे खाल्ले की पू होतो हे खोटं आहे, जखम भरायला प्रथिनं लागतात. सणात मासे नसतील तर उसळ, डाळ, दूध दुप्पट.

मग तिसरा दिवस. हातावरच्या वेळेत ४८ ते ७२ तास मिळवा आणि त्या वेळात जखम डॉक्टरांना पुन्हा दाखवा, पहिल्या दिवशी "वरवरचं आहे" म्हटलं असलं तरी. पहिल्या दिवशी खोलीचा अंदाज अनुभवी डोळ्यालाही चकवतो. दाबल्यावर फिकी होऊन पटकन रंग परत येत असेल तर चांगलं. गडद लाल राहून फिकी होतच नसेल, पांढरे चट्टे दिसत असतील किंवा दुखायचं थांबलं असेल, तर जखम खोल गेलेली असू शकते. दुखत नाही म्हणून खूश होऊ नका. गौरी आल्या, विसर्जन आहे, पाहुणे आहेत, म्हणून हा दिवस पुढे ढकलला जातो. ढकलू नका. कॅलेंडरवर खूण करा.

पुढचं थोडक्यात. वास, हिरवट पू, पसरणारी लाली, वाढणारी वेदना, ताप: लगेच दवाखाना. लहान मुलाला ताप, पुरळ, उलटी-जुलाब किंवा ग्लानी आली तर जखम कितीही लहान असो, त्याच तासाला. चौदा दिवसांत भरली नाही तर पुन्हा दाखवा, एकविसाची वाट पाहू नका, व्रण जाड होतो. भरल्यावर खोबरेल चालेल, दिवसातून दोन-तीनदा, हलक्या हाताने. उन्हापासून वर्षभर झाका.