पिंजऱ्यातल्या पाखरांची रात्र: पावसाआधीची तयारी

पाळलेली पाखरं रात्री फडफडतात ती बहुतेक वेळा घाबरून. म्हणून त्यांना झोप लागावी असं वाटत असेल, तर आधी घाबरवणारी कारणं शोधून काढायची, आणि आपल्या कोकणातल्या घरात ती पावसाळ्यात वाढतात. हे सगळं बजरी, लव्हबर्ड, कॉकटेल अशा विदेशी पाखरांबद्दल आहे. आपला रानातला हिरवा पोपट पाळायला वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) बंदी आहे. घरात असेल तर वनखात्याशी बोला.

पहिलं काम जागेचं. दिवसभर पिंजरा पडवीत असला तरी दिवेलागणीला तो आत घ्यायचाच. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांच्या मागून साप, आणि मांजर तर टपलेलंच असतं. काहींना वाटतं पिंजरा बंद आहे म्हणजे झालं. पण गजांवर नुसतं मांजराचं नख वाजलं तरी पाखरू रात्रभर थाऱ्यावर येत नाही. माजघरात, एक बाजू भिंतीला लागून, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवा. वर पत्रा असेल ती खोली टाळा. पहिल्या सरींचा ताशा आणि वरून पडणारी झावळ, दोन्ही अंगावर काटा आणतात. बजरीच्या पिंजऱ्यात गजांमधलं अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको.

स्वयंपाकघर तर अजिबात नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून निघणारी वाफ आपल्याला कळतही नाही आणि पाखरू काही मिनिटांत मरू शकतं. त्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, त्यामुळे हवेतलं विष त्यांना फार लवकर बाधतं. त्याच कारणाने पाखरांच्या खोलीत डासांची कॉइल, उदबत्ती, धूप लावू नका. डासांसाठी पिंजऱ्याभोवती मच्छरदाणीचं कापड सोडलं की काम भागतं.

झोप १० ते १२ तास हवी. डिसेंबरात सहालाच अंधारतं, जूनमध्ये सात वाजून जातात, तेव्हा झाकण्याची वेळ घड्याळाने ठरवा आणि रोज तीच पाळा. रात्री दहापर्यंत टीव्ही चालत असेल तर पिंजरा दुसऱ्या खोलीत न्या. झाकायला जुनी सुती साडी उत्तम; प्लास्टिक किंवा जाड चादर आपल्या दमट हवेत गुदमरवते. समोरची बाजू थोडी उघडी राहू दे. पावसात कापड नीट वाळत नाही आणि त्याला बुरशी धरते, म्हणून दोन कापडं ठेवा, एक वापरात आणि एक वाळत.

आता उजेड. कॉकटेलला रात्री दचकण्याची फार सवय. एखादी पाल गजांवरून सरकते, तो अंधारात उडतो, वरच्या जाळीवर डोकं आपटतो, खाली पडतो, पुन्हा उडतो. त्या धडपडीत नवं फुटलेलं, रक्त भरलेलं पीस मोडलं की पिंजऱ्यात रक्ताचे शिंतोडे दिसतात. मंद दिवा लावलेला असेल तर त्याला निदान दांडी दिसते. दिवा बॅटरीचा घ्या, कारण आपल्याकडे वाऱ्याबरोबर लाईटही जाते. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. पाखरू दचकलं तर आत हात घालू नका. हळू आवाजात बोला, उजेड वाढवा, ते दांडीवर बसेपर्यंत थांबा. रक्त वाहत असेल तर कॉर्नफ्लोअर लावून स्वच्छ कापडाने हलकं दाबा. लोंबती खेळणी रात्री काढून ठेवणं बरं.

दांडी पेरूच्या फांदीची करा, जागोजागी कमीजास्त जाडीची. सगळ्यात वरची दांडी झोपायची, तिच्यावर काही टांगू नका. फळं, पालेभाजी संध्याकाळीच काढा, नाहीतर मुंग्या येतील. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. पाणी आणि दाणे मात्र राहू द्या. राळे, बाजरी मे महिन्यातच उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कुबट वास आला तर टाकून द्या.

गणपतीच्या भजनांच्या आणि शिमग्यात पालखी येण्याच्या दिवशी पिंजरा मागच्या खोलीत हलवा, तोही दुपारीच.

एक पाय पोटाशी घेऊन, चोच पाठीच्या पिसांत खुपसून बसलेलं पाखरू निवांत आहे. दिवसाही पिसं फुलवून दोन्ही पायांवर बसलं आणि श्वासाबरोबर शेपूट वरखाली होत असेल, तर ते आजारी आहे. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा हात बहुधा गुराढोरांवर बसलेला असतो; पाखरं कोण तपासतं हे पाऊस लागण्याआधी विचारून घ्या आणि नंबर पिंजऱ्याशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवा.