नव्या गाडीने इंधन खरोखर वाचते का, हे घरच्या घरी कसे तपासावे

जास्त ॲव्हरेजची किंवा सरकारी सवलतीतली गाडी दारात आली की इंधन वाचू लागले, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पाहायचा तो आकडा वेगळाच आहे: घरातल्या सगळ्या वाहनांनी मिळून महिन्याला किती लिटर जाळले. तो काढायला एक वही आणि पंपावरच्या पावत्या पुरतात.

प्रथम टाकी फुल्ल करावी. नोझल आपोआप बंद पडले की आणखी ओतायला सांगू नये. ट्रिप मीटर शून्यावर आणावा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच टाकी भरून, धावलेल्या किलोमीटरना बसलेल्या लिटरने भागावे. एका टाकीवर भरवसा ठेवू नये, कारण आमच्या कोल्हापूरकडची शिरोली एमआयडीसीची रोजची ये-जा, तावडे हॉटेलजवळची कोंडी आणि पन्हाळ्याचा चढ यांचे ॲव्हरेज एकसारखे येत नाही. निदान चार टाक्यांची सरासरी घ्यावी. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या, इंधनावर ॲव्हरेज थोडे उतरले तर तो गाडीचा दोष समजू नये.

यानंतर ॲव्हरेज उलटे करून शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात ते लिहावे, कारण ॲव्हरेजचा आकडा फसवा असतो. 10 चे 15 झाले तर शंभर किलोमीटरमागे सव्वातीन लिटरहून अधिक वाचतात. 20 चे 25 झाले तर फक्त एक. म्हणून दोन गाड्यांपैकी एकच बदलायची असेल, तर आधी सर्वांत जास्त पिणारी बदलावी.

आता किलोमीटरचा रकाना. आमची जुनी गाडी 12 चे ॲव्हरेज देई आणि महिन्याला 600 किलोमीटर धावे. 18 चे ॲव्हरेज देणारी आल्यावर ‘आता परवडते’ म्हणून दर रविवारी जोतिबा, पन्हाळा सुरू झाले आणि काटा 900 वर गेला. दोन्ही महिन्यांच्या पावत्या शेजारी ठेवल्या तेव्हा बेरीज तंतोतंत सारखी निघाली: 50 लिटर. इंजिन सुधारले की कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढतो, हे इंग्रज अर्थतज्ज्ञ जेव्हन्स यांनी 1865 मध्येच दाखवले होते. मोटारींच्या बाबतीत मात्र सहसा सगळी बचत अशी वाहून जात नाही. बहुतेक अभ्यासांत वाहून जाणारा भाग बचतीच्या 10 ते 30 टक्के निघतो. आमच्या घरी तो पूर्ण शंभर टक्के होता, आणि वही नसती तर ते कधीच कळले नसते.

अनुदान किंवा करसवलत घेताना एक प्रश्न अवश्य विचारावा: जुनी गाडी कुठे जाणार? अमेरिकेत 2009 मध्ये जुन्या गाड्या मोडीत काढण्याच्या अटीवर नव्या गाड्यांच्या खरेदीसाठी सुमारे 3 अब्ज डॉलर वाटले गेले, तरी त्यांतली पुष्कळ खरेदी थोड्याच दिवसांनी तशीही होणारच होती, असे नंतर आढळले. आपल्याकडे तर जुनी गाडी बहुधा विकली जाते आणि दुसऱ्याच्या दारात धावत राहते. मग रस्त्यावर एक वाहन वाढते आणि देशाचे इंधन वाचत नाही.

विद्युत मोटारीवर ऑगस्ट 2019 पासून जीएसटी 5 टक्केच आहे. तिचा हिशेब वीजबिलावरच्या युनिटवर थांबवू नये. शंभर किलोमीटरला 15 युनिट धरले आणि ती वीज कोळशाची असेल, तर औष्णिक केंद्रात उष्णतेचा साधारण तिसराच हिस्सा वीज होत असल्याने मागे 45 युनिटांइतकी उष्णता जळते. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे 9 युनिट ऊर्जा असते, म्हणजे 18 च्या ॲव्हरेजला शंभर किलोमीटरमागे 50 युनिट. बचत आहे, पण वाटते तेवढी मोठी नाही. छतावर सौर पॅनेल असतील आणि दिवसा चार्जिंग होत असेल, तर मात्र हा हिशेब पार बदलतो.

शोरूममध्ये जाण्यापूर्वी निदान तीन महिन्यांची वही भरावी आणि नवी गाडी आल्यावरही तेच रकाने चालू ठेवावेत. आम्ही आता जोतिबाला एसटीने जातो. गेल्या महिन्याच्या रकान्यात 612 किलोमीटर आणि 34 लिटर आहेत.